ट्रक चकाकला, पण मापात बसला का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या मुलांच्या पुरवणीत ‘घरच्या घरी उसाचा ट्रक’ ही कृती आणि सोबत कापून चिकटवायचा नमुना छापून आला. विमाने आणि रॉकेटे सोडून कुणाचे तरी लक्ष ट्रककडे गेले, तेही ऐन गळीत हंगामात, याचे बरे वाटले. तरीही हे पत्र तक्रारीचे आहे. थर्माकोलचा हौदा, आइस्क्रीमच्या काड्यांच्या फळ्या, सगळ्या जोडांना फेविक्विक आणि वरून गाड्यांचा स्प्रे, अशी ती कृती. स्प्रेतला थिनर थर्माकोल खातो. मारल्या मारल्या हौद्याला खड्डे पडायला लागतात. फेविक्विकही थर्माकोलवर तेच करते. ही चूक निदान डोळ्यांना दिसते. दुसरी चूक ट्रक तयार झाल्यावरही पुष्कळांच्या लक्षात येणार नाही, म्हणून ती जास्त वाईट: नमुन्यावर प्रमाणच दिलेले नाही.

छापलेल्या नमुन्यात हौद्याची रुंदी १०८ मिलिमीटर भरते आणि चाकाचा व्यास ३०. आपल्याकडे मालट्रकची रुंदी कायद्याने जास्तीत जास्त २.६ मीटर. त्या हिशेबाने हा हौदा १:२४ प्रमाणातला, म्हणजे खऱ्याच्या चोविसाव्या भागाएवढा झाला. ट्रकला सर्रास बसणाऱ्या १०.००-२० टायरचा व्यास १०५० मिमीच्या आसपास असतो; १:२४ मध्ये तो ४४ मिमी हवा. ३० मिमीचे चाक १:३५ च्या ट्रकचे झाले. म्हणजे हौदा एका गाडीचा आणि चाके दुसरीची. असा ट्रक कितीही रंगवा, बघणाऱ्याला तो खेळण्यासारखा वाटतो आणि का वाटतो ते सांगता येत नाही. आइस्क्रीमच्या काडीचे तसेच. ती २ मिमी जाड आणि १० मिमी रुंद. चोविसाने गुणल्यास ४८ मिमी जाडीची, २४० मिमी रुंदीची फळी होते. हौद्याची फळी साधारण इंचभर जाडीची, म्हणजे १:२४ मध्ये जेमतेम १ मिमी. त्यासाठी सुताराकडची विनीअरची कातरण पुरते. दोन पट्ट्या फेविकॉलने एकमेकींवर चिकटवायच्या, वर वजन ठेवायचे आणि रात्रभर वाळू द्यायचे.

प्रमाणाचे गणित एवढेच आहे: खऱ्या गाडीचे माप मिलिमीटरमध्ये घ्यायचे आणि २४ ने भागायचे. अँबॅसडरचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधले अंतर, २४६४ मिमी, तो १०३ होतो. जुन्या सात इंची गोल हेडलाइटचा व्यास १७८ मिमी, तो ७.४ होतो. ट्रकसाठी १:२४ सोयीचे, कारण तमिया, इटालेरी, रेव्हेल यांची कार आणि ट्रकची पुष्कळ किट याच प्रमाणात निघतात आणि त्यांतले आरसे, वायपर, डिझेल टाकी उसनी घेता येते. अमेरिकन कंपन्यांची बरीच किट १:२५ ची असतात. हा चार टक्क्यांचा फरक चाकांत खपून जातो, केबिनमध्ये मात्र खपत नाही. बससाठी १:३२ घ्यावे. अकरा मीटरची बस १:२४ मध्ये ४५८ मिमी होते आणि तिचा आराखडा ए-थ्री कागदावर मावत नाही, कारण त्याची लांब बाजू ४२० मिमी. १:३२ मध्ये तीच बस ३४४ मिमीत बसते. अशोक लेलँडच्या व्हायकिंगचा २२२ इंची व्हीलबेस, म्हणजे ५६३९ मिमी, १:३२ मध्ये १७६ मिमी होतो.

मापे कुठून आणायची, हा प्रश्न कोल्हापुरात पडायला नको. मार्केट यार्डात, शिरोलीच्या रस्त्यावर, उद्यमनगरातल्या गॅरेजांपुढे ट्रक उभेच असतात. चालकाला विचारून टेप लावला तर सहसा कुणी नाही म्हणत नाही. आगारात मात्र परवानगीशिवाय शिरू नये. चार मापे जमिनीवरून, टेपने घ्यावीत: पुढच्या हबच्या मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंत, मागच्या हबपासून हौद्याच्या शेवटापर्यंत, हौद्याची जमिनीपासूनची उंची आणि रुंदी. बाकीचे फोटोवरून काढता येते, पण फोटो नीट काढलेला हवा. मोबाइल घेऊन चार पावलांवरून काढलेल्या फोटोत जवळचे चाक फुगते आणि दूरचे आटते. त्यावरून माप काढले की केबिन पुढे झुकल्यासारखी होते. वीस-पंचवीस मीटर मागे जावे, झूम करावे, कॅमेरा गाडीच्या बरोबर मध्यावर आणि केबिनच्या साधारण निम्म्या उंचीवर धरावा. मग तो फोटो व्हीलबेस जुळेपर्यंत लहान-मोठा करून छापावा. टाटाच्या जुन्या नाकाड ट्रकसाठी आणखी एक सोय आहे. १९५४ ते १९६९ या काळात टाटांचे मर्सिडीज बनवणाऱ्या डायम्लर-बेंझशी सहकार्य होते, त्यामुळे त्या केबिनच्या रेषांसाठी त्या काळच्या मर्सिडीज ट्रकचे आराखडे कामी येतात.

कशापासून बनवायचे? हिप्स म्हणून मिळणारे पॉलिस्टायरिनचे शीट सगळ्यात बरे. १ मिमीचे बाजूंना, १.५ मिमीचे जमिनीला आणि ०.५ मिमीचे पट्ट्या-बीडिंगला. हे शीट कटरने आरपार कापू नये. स्टीलच्या पट्टीला धरून दोन-तीन हलके ओरखडे द्यावेत आणि टेबलाच्या कडेवर मोडावे, सरळ तुटते. एका दमात दाबून कापले की पाते तिरपे जाते आणि कड उचलली जाते. खिडक्यांच्या कोपऱ्यांना आधी १.५ मिमीच्या ड्रिलने भोके पाडून मग भोकापासून भोकापर्यंत कापावे, म्हणजे कोपरा गोल राहतो आणि चीर पुढे पळत नाही. बसच्या टपाची गोलाई हवी असेल तर शीट पाइपवर टेपने आवळून वर उकळते पाणी ओतावे आणि लगेच गार पाणी ओतावे. मेणबत्तीवर तापवू नये, एका जागी लोळागोळा होतो. अँबॅसडरसारखी गोलसर गाडी, किंवा दसऱ्याला दसरा चौकात येणारी छत्रपतींची मेबॅक, सपाट शीटमधून निघत नाही. तिथे लाकडाचा साचा कोरून त्यावर तापवलेले शीट ओढावे लागते. ते काम या पत्रात मावणारे नाही.

सनबोर्ड स्वस्त आणि सहज मिळतो, पण तो पीव्हीसीचा. पॉलिस्टायरिन जोडायचे पातळ द्रव सिमेंट त्याला चावत नाही, जोड वरवर बसतो आणि महिन्याभरात सुटतो. सनबोर्ड वापरायचाच तर फेविक्विक किंवा अॅराल्डाइट लावावे. आणि एक गोष्ट ठळक छापावी अशी विनंती: सनबोर्ड लेझरवर कापायला देऊ नये. पीव्हीसी जळताना हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते. ती माणसाच्या छातीला वाईट आणि मशिनच्या लोखंडालाही. लेझरसाठी अॅक्रिलिक किंवा २ मिमीचा एमडीएफ द्यावा. हिप्सही लेझरवर वितळून कडा जाड करते, ते हातानेच कापलेले बरे.

पॉलिस्टायरिनचे पातळ सिमेंट म्हणजे गोंद नव्हे, तो द्रावक आहे. दोन तुकडे आधी जुळवून धरायचे, मग फटीला ब्रशचे टोक टेकवायचे. द्रव आपोआप आत ओढला जातो आणि प्लास्टिक वितळून एकजीव होते. जास्त लावले तर बोटाचा ठसा कायमचा उठतो. जोडावर पुटी लगेच मारू नये. आतला द्रावक पूर्ण उडायला दिवस-दोन दिवस लागतात. घाई केली तर रंगानंतर तिथे बारीक चर उमटते आणि मग दोष रंगाला दिला जातो. फेविक्विक खिडक्यांच्या काचेजवळ आणूच नये. त्याची वाफ काचेवर पांढरी बसते, आणि आपल्या पावसाळी हवेत जास्तच. काचेसाठी ओएचपी शीट (पारदर्शक प्लास्टिकचा कागद) आणि फेविकॉल पुरे. फेविकॉल वाळून पारदर्शक होतो, चुकल्यास ओल्या फडक्याने निघतो.

चासी जुळवताना खाली आरशाची किंवा खिडकीची सपाट काच ठेवावी. दोन्ही चॅनेल समांतर चिकटवले, आडवे सांधे काटकोनात लागले, तरी एक चाक अधांतरी राहते ते चाकांच्या आसाचे हाऊसिंग तिरके बसल्यामुळे. म्हणून आधी हाऊसिंग आणि पाटे (कमानीच्या पट्ट्यांची स्प्रिंग) फक्त अडकवून ठेवावेत, चारी बाजूंची चाके काचेला टेकली की नाही ते कागदाची पट्टी खाली सरकवून पाहावे, मगच सिमेंट लावावे. पाट्यांकडे फार थोडे लोक पाहतात. रिकाम्या ट्रकच्या मागच्या पाट्यांना चांगली कमान असते, उसाने भरलेल्याची ती जवळपास सपाट होते आणि मडगार्ड-टायरमधली जागा कमी होते. पुरवणीतल्या चित्रात हौदा उसाने शिगोशीग आणि पाटे कमानीत! प्रदर्शनातले निम्मे ट्रक असेच असतात. ०.५ मिमीच्या पट्ट्यांचे पाटे केले तर सिमेंट लावण्याआधी हवी तेवढी कमान देता येते.

चाके हा खरा अडसर, कारण आपल्या ट्रकची चाके सुटी मिळत नाहीत. इथे कोल्हापूरकरांचे नशीब चांगले. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या फाउंड्र्यांमुळे पॅटर्नमेकर आणि खराद्याची माणसे गल्लीत सापडतात. पॅटर्नमेकरची पट्टी मुळातच लांब असते, कारण ओतीव लोखंड निवताना साधारण एक टक्का आटते, अॅल्युमिनियम त्याहून थोडे जास्त. प्रमाण, आटण, साच्यातून सुटण्यासाठी बाजूंना दिलेला उतार, हे सगळे त्याला पाठ असते. टायर आणि डिस्कचा एकच नमुना अॅल्युमिनियम किंवा नायलॉनचा खरादून घ्यावा: व्यास ४४, रुंदी ११.५ मिमी. त्यावरून सिलिकॉन रबरचा साचा करून पॉलियुरेथेन रेझिनच्या सात प्रती ओताव्यात. पुढची दोन, मागची जोडीजोडीने चार आणि एक स्टेपनी. हार्डनर (घट्ट करणारे द्रव) डोळ्यांनी ओतू नये, छोट्या वजनकाट्यावर तोलावा. कथिल-प्रकारच्या (कथिलाच्या संयुगाने घट्ट होणाऱ्या) सिलिकॉनला बहुधा दोन-तीन टक्के लागतो, पण शेवटचा शब्द डब्यावरच्या चिठ्ठीचा. जास्त घातला की रबर लवकर घट्ट होते आणि साचा लवकर फाटतो. सिलिकॉन नमुन्यावर उंचावरून, सुतासारख्या बारीक धारेने सोडावे, म्हणजे हवेचे बुडबुडे वाटेतच फुटतात.

रेझिनच्या बाबतीत आपला पावसाळा घात करतो. पॉलियुरेथेनच्या एका भागात आयसोसायनेट असते. ते पाण्याशी मिळाले की कार्बन डायऑक्साइड सोडते आणि चाक स्पंजासारखे भोकाभोकांचे निघते. जून ते सप्टेंबरात उघडी राहिलेली बाटली पुढे कधीही वापरली तरी फेसच देते. ओतून झाल्यावर झाकण लगेच लावावे, बाटली सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवावी. लाकडी नमुना दमट असला तरी तोच प्रकार होतो. थ्री-डी प्रिंटरवर चाक काढणाऱ्यांसाठी एवढेच: प्लास्टिकची तार वितळवणाऱ्या प्रिंटरचा ०.२ मिमीचा थर १:२४ मध्ये पाच मिलिमीटरची पायरी दाखवतो, आणि टायरवर ती लगेच ओळखू येते. तिथे ०.०५ मिमी थराचा रेझिन प्रिंटर हवा.

किटमधले मऊ व्हिनाइल टायर वापरले तर दोन-तीन वर्षांनी ते रिमला चिकटून रिम वितळलेले आढळते. टायरमधले मऊ ठेवणारे तेल हळूहळू प्लास्टिकमध्ये उतरते. उन्हात, बंद काचेच्या कपाटात हे आणखी लवकर होते. रिमच्या कडेला नळवाल्याकडची टेफ्लॉन टेप एक वेढा लावली की प्रश्न मिटतो.

आता रंग. इथेच सगळ्यात जास्त कामे वाया जातात. गाड्यांच्या दुकानातला एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग वापरायला हरकत नाही, रंगही हवा तसा मिसळून मिळतो. पण एनसी थिनर उघड्या पॉलिस्टायरिनवर पडला की पृष्ठभागावर बारीक भेगांचे जाळे उमटते. म्हणून आधी प्राइमर, तोही हलक्या, कोरडट थरांत. पहिल्या दोन थरांनंतर खालचे प्लास्टिक दिसत राहिले तरी चालते. गाड्यांचा कोणताही प्राइमर आधी किटच्या फ्रेमच्या किंवा शीटच्या तुकड्यावर मारून पाहावा. प्राइमर वाळल्यावर १००० नंबरचा वॉटर पेपर पाण्यातून फिरवावा. मग रंग: एक भाग रंगाला एक ते दीड भाग थिनर, दुधाइतका पातळ. ०.३ मिमीचा एअरब्रश, १५ ते २० पीएसआय हवेचा दाब, दहा-बारा सेंटिमीटर अंतर. दोन फुसफुसते थर, मग दहा-दहा मिनिटांनी दोन ओले थर. संत्र्याच्या सालीसारखे दाणे उठले तर रंग वाटेतच वाळतो आहे असे समजावे. अंतर कमी करावे किंवा थिनर वाढवावा. ओघळ आला तर पुसायला जाऊ नये. दिवसभर वाळू देऊन १५०० आणि मग २००० पेपरने बसवावा.

जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापुरात मारलेला एनसी रंग पांढरट, धुरकट पडतो. लोक म्हणतात थिनर भेसळीचा होता. तसेही असेल, पण बहुतेक वेळा कारण साधे असते. थिनर भराभर उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतली वाफ ओल्या रंगावर दवासारखी उतरते. पाऊस थांबलेल्या दुपारी काम करावे, किंवा थिनरमध्ये पाच-दहा टक्के रिटार्डर घालावा, म्हणजे तो सावकाश उडतो. पांढरे पडलेच तर खरवडू नये. रिटार्डर घातलेल्या थिनरचा एकच धुक्यासारखा थर मारला तर बहुधा रंग परत येतो. दुसरा नेहमीचा घोळ म्हणजे ऑइल पेंटवर एनसी मारणे. खालचा ऑइल पेंट सुकल्यासारखा दिसतो, पण एनसीचा थिनर त्याला फुगवतो आणि सगळे आंबट दह्यावरच्या साईगत सुरकुतते. उलट क्रम, म्हणजे पूर्ण सुकलेल्या एनसीवर ऑइल पेंट, चालतो.

एसटीचा लाल रंग राखाडी प्राइमरवर मळकट येतो, त्याखाली पांढरा किंवा फिका गुलाबी थर हवा. पिवळा पट्टा असेल तर पिवळा आधी मारावा, तो टेपने झाकावा आणि मग लाल. लालवर पिवळा झाकत तर नाहीच, शिवाय काही लाल रंग वरच्या थरात झिरपून पिवळ्याला नारिंगी करतात. साध्या सेलोटेपऐवजी रंगकामाची टेप वापरावी, कड नखाने दाबावी आणि लालच्या आधी कडेवर पिवळ्याचाच एक थर मारावा. रंग फटीतून शिरलाच तर पिवळाच शिरतो आणि रेघ स्वच्छ येते. टेप काढताना स्वतःवर उलटी दुमडून, हळू ओढावी. जाता जाता, सगळ्या एसटी लालच असे धरून चालू नये. १९४८ साली पुणे-अहमदनगर मार्गावर धावलेली पहिली एसटी निळी-चंदेरी होती.

रंगाच्या जाडीचाही हिशेब असतो. दाराची खरी फट पाच मिलिमीटर, १:२४ मध्ये ०.२. प्राइमर आणि रंगाचे पाच-सहा थर ती सहज बुजवतात. फटी प्राइमरआधीच सुईने किंवा जुन्या पात्याच्या पाठीने खोल कराव्यात. मेटॅलिक रंगाची चकाकी खऱ्या गाडीवर शोभते, पण तेच कण लहान गाडीवर वाळूसारखे दिसतात. बारीक कणांचा रंग निवडावा. आणि हे काम गॅसची शेगडी किंवा देवघरातला दिवा असलेल्या बंद खोलीत करू नये. हार्डनर घालायचा दोन भागांचा क्लिअर लॅकर मुलांच्या हाती तर अजिबात देऊ नये. त्यातही आयसोसायनेट असते आणि कापडी मास्क त्याला अडवत नाही.

आता हौद्यातला ऊस. पुरवणीने हिरवी लोकर सांगितली आहे. आमच्या मते इथे खराटा कामाला येतो. उसाची जाडी २५ ते ३० मिमी, म्हणजे १:२४ मध्ये १ ते १.२५ मिमी, आणि खराट्याच्या काडीचा मधला भाग नेमका एवढाच असतो. बुडाचा जाड आणि शेंड्याचा बारीक भाग टाकून ९० मिमीचे तुकडे करावेत, म्हणजे सुमारे २.१६ मीटरचा ऊस झाला. दर पाच मिमीवर कटरने हलकी गोल खूण करावी, ती पेरे. आपल्या भागात को ८६०३२ ही उसाची जात जास्त, त्याची कांडी लालसर-जांभळट. गडद हिरवा मारलात तर तो बांबू दिसेल. फिक्या पिवळट रंगावर पातळ तपकिरी-जांभळा फिरवावा आणि प्रत्येक पेऱ्याच्या खाली पांढऱ्याचा कोरडा ब्रश ओझरता लावावा, ती उसावरची पांढरी भुकटी. दहा-पंधरा कांड्यांची मोळी बांधायला सुतळीचा एक सुटा धागा पुरतो, पण तो वाढ्याचा (उसाच्या हिरव्या शेंड्याचा) बंध आहे हे लक्षात ठेवून फिका हिरवा रंगवावा. एक मोळी सुटलेली, दोन कांड्या फाळक्यावरून लोंबणाऱ्या, इतके पुरे. रचण कशी ते कारखान्याच्या रांगेतल्या ट्रकचा फोटो समोर ठेवून ठरवावे, मनाने नाही.

अक्षरे आणि नंबरप्लेटमध्ये काळाची गडबड फार होते. मालट्रकची पाटी पिवळी, अक्षरे काळी. खासगी कारची पांढरी. ५०० बाय १२० मिमीची पाटी १:२४ मध्ये २१ बाय ५ होते, ३४० बाय २०० ची १४ बाय ८.३. अक्षराची ६५ मिमी उंची २.७ मिमीवर येते, ती ब्रशने जमत नाही. पाण्यात भिजवून चिकटवायच्या डिकल कागदावर लेझर प्रिंटरने छापावी. साधा प्रिंटर पांढरा रंग छापत नाही, त्यामुळे लाल बसवर पिवळी अक्षरे पारदर्शक डिकलने येणार नाहीत, गायब होतील. तिथे कापलेले स्टेन्सिल वापरावे. आयएनडी लिहिलेली, होलोग्रामची पाटी नव्या गाड्यांना १ एप्रिल २०१९ पासून. म्हणून २००५ सालातला ट्रक दाखवायचा असेल तर पाटी साधी ठेवावी. ‘हॉर्न ओके प्लीज’ वर महाराष्ट्रात २०१५ मध्ये बंदी आली, तरी नव्या नंबरच्या ट्रकवरही हौसेने ते लिहिले जाते. परावर्तक पट्टी ५० मिमीची, मॉडेलवर २ मिमी: पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल.

दिव्यांबद्दल थोडक्यात. नऊ व्होल्टच्या बॅटरीवर पांढऱ्या एलईडीला ५६० ओहम, लाल एलईडीला ६८० ओहम रेझिस्टर लावला की सुमारे १० मिलिअँपिअर जातात आणि उजेड मापात राहतो. रेझिस्टरशिवाय जोडला तर क्षणात जळतो. जुन्या ट्रकला निळसर पांढरा एलईडी लावू नये, पिवळसर लावावा. केबिन आतून आधी काळी आणि मग चंदेरी रंगवली नाही तर सगळे प्लास्टिकच कंदिलासारखे पेटते.

ज्यांना शून्यापासून बांधायचे नाही आणि बाजारात मिळणारी लहान धातूची गाडी बदलायची आहे, त्यांच्यासाठी दोन-तीन सूचना. तळाच्या रिव्हेटचे डोके ड्रिलने उडवावे, मग खुंटीत १.६ मिमीचे भोक पाडून एम-टू टॅप (२ मिमीच्या स्क्रूचे आटे पाडणारे हत्यार) फिरवावा, म्हणजे गाडी स्क्रूने परत बंद होते. जुना रंग काढताना कॉस्टिक सोडा वापरू नये. या गाड्या जस्ताच्या मिश्रधातूच्या असतात आणि कॉस्टिक जस्तच खातो. पेंट रिमूव्हर चालतो, फक्त आधी सगळे प्लास्टिक आणि काच बाहेर काढावी. गुळगुळीत जस्तावर साधा रंग नखाने निघतो, त्याखाली एच (etch) प्राइमर, म्हणजे धातूला किंचित खाऊन धरून बसणारा, हवा. जुन्या गाडीच्या धातूलाच भेगा पडून तो फुगत असेल तर तिच्यावर मेहनत घालू नये. शिशाच्या भेसळीने जस्त आतून कुजते, त्यावर इलाज नाही.

शाळांच्या आणि मंडळांच्या प्रदर्शनांत परीक्षक म्हणून बसणाऱ्यांनाही या निमित्ताने सांगावेसे वाटते. बक्षीस लखलखाटाला आणि दिव्यांच्या संख्येला जाते; मापात बसणारा, धुळीने माखलेला ट्रक उत्तेजनार्थ राहतो. प्रवेशअर्जावर तीन रकाने वाढवावेत: प्रमाण किती, व्हीलबेस किती, टायरचा व्यास किती. परीक्षकाने खिशात साधा व्हर्नियर (बारीक माप घ्यायची सरकती पट्टी) ठेवावा आणि तिन्ही मापे एकाच प्रमाणात बसतात का ते पाहावे. दोन मिनिटांचे काम आहे. मग रंगाला हवे तेवढे गुण द्या.

आणि आपल्याला विनंती: पुढचा नमुना छापताना प्रमाण लिहावेच, शिवाय कडेला बरोबर १० सेंटिमीटरची रेघ द्यावी. छपाईत नमुना थोडा आटतो किंवा वाढतो. रेघ पट्टीने मोजली की झेरॉक्सवर किती टक्के लावायचे ते मुलांना काढता येते. रेघ ९.६ भरली तर १०४ टक्के. १:२४ चा नमुना १:३२ करायचा असेल तर ७५ टक्के, १:३२ चा १:२४ करायचा असेल तर १३३ टक्के. यावेळच्या नमुन्यापुरती दुरुस्ती छापायची तर चाके ३० मिमीऐवजी ४४ मिमीची काढावीत आणि मडगार्डची कमान त्याप्रमाणे वाढवावी. बाकी हौद्याचा आराखडा १:२४ म्हणून वापरायला हरकत नाही.

आपले,
गाड्यांच्या प्रतिकृती बनवणारे काही वाचक,
कोल्हापूर